नववा महिना आणि खुनाचा तपास



"डॉक्टर, या दिवसांत खून-मारामारीची पुस्तकं वाचली, क्राइमच्या मालिका पाहिल्या, तर बाळावर परिणाम होतो का?" हा प्रश्न मला गरोदर स्त्रिया विचारतात. त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा त्यांच्या सासूबाई विचारतात! आज त्याचं उत्तर देतो, पण एका रहस्यकादंबरीच्या निमित्ताने. या कादंबरीत खुनांचा तपास करणारी डिटेक्टिव्ह स्वतःच गरोदर आहे, तीही दिवस भरलेली.

आधी प्रश्नाचं उत्तर. पोटातल्या बाळाला साधारण २५-२६ आठवड्यांपासून आवाज जाणवू लागतात. आईच्या आवाजाची लय त्याच्या ओळखीची होते. पण शब्दांचा अर्थ त्याला कळत नाही आणि तुम्ही मनातल्या मनात वाचलेलं पुस्तक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अभिमन्यूची कथा सुंदर आहे, पण ती कथा आहे. पुस्तक वाचून तुमची झोप उडत असेल, छातीत धडधड होत असेल, तर ते बाजूला ठेवा. मजा येत असेल तर खुशाल वाचा. रहस्यकथा वाचल्याने गर्भपात होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांमधल्या दोषामुळे होतात. आईने काय वाचलं, काय पाहिलं, याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

पुस्तकाविषयी थोडं

कादंबरीचं नाव 'व्हॅनिश', लेखिका टेस गेरिटसन, प्रकाशन २००५ सालचं. कथा अमेरिकेतल्या बोस्टन शहरात घडते. शवागारात काम करणाऱ्या डॉ. मॉरा आइल्स यांना एका बंद पिशवीतून हालचाल जाणवते. पिशवी उघडतात तर आतली 'मृत' तरुणी डोळे उघडते. तिला रुग्णालयात नेतात, आणि तीच पुढे तिथल्या लोकांना ओलीस धरते. त्या ओलिसांमध्ये असते बोस्टन पोलिसांची डिटेक्टिव्ह जेन रिझोली, नऊ महिन्यांची गरोदर. ती तिथे आलेली असते स्वतःच्या तपासणीसाठी. तरुणी कोण, तिच्यावर काय गुदरलं, हे मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्या माणसाला क्षमा नसते!

लेखिका स्वतः डॉक्टर आहे. तिने माझ्यासारखीच फिजिशियनची प्रॅक्टिस केली आणि प्रसूती रजेवर असताना ती लिहायला लागली. त्यामुळे तिच्या पुस्तकातल्या गरोदर बाईला नुसतं पोट नसतं, पाठदुखी असते, थकवा असतो आणि डोकंही असतं.

मला यात काय आवडलं

आपल्याकडे गरोदर बाईची दोनच चित्रं चालतात. पहिलं काचेच्या बाहुलीचं: जिना चढू नको, वाकू नको, घराबाहेर पडू नको. दुसरं वाघिणीचं: "आमच्या वेळी आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत पाणी भरत होतो, तुम्हाला काय झालं?" गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं कधी कधी एकाच घरात, एकाच तोंडून ऐकू येतात.

माझं स्पष्ट मत असं की ही दोन्ही चित्रं सारखीच धोक्याची आहेत, कारण दोन्हींमुळे बाई लक्षणं लपवायला शिकते. 'सांगितलं तर घरी बसवतील' ही एक भीती आणि 'सांगितलं तर नाजूक म्हणतील' ही दुसरी. डोकं दुखतंय, पायांवर सूज आहे, बाळ आज कमी हललं, हे सगळं मग उद्यावर जातं. डॉक्टर म्हणून मला गरोदर बाई कामावर जाते याची काळजी वाटत नाही. ती गप्प राहते याची वाटते.

जेन रिझोलीची कहाणी इथेच बोलकी आहे. मालिकेच्या पहिल्या पुस्तकात ती खून-तपास विभागातली एकटी स्त्री आहे. पुरुष सहकाऱ्यांसमोर कमी दिसायचं नाही, ही तिची जुनी जिद्द. ती गरोदरपणात सुटत नाही. वाचताना तिचं कौतुक वाटतं. पण आपलं दुखणं बोलून न दाखवण्याची सवय अशीच लागते, हेही लक्षात घ्या. तुमच्या ऑफिसात, बँकेत, शाळेत, पोलीस ठाण्यात अशा कितीतरी जेन आहेत.

याच्या उलट एक उदाहरण सिनेमातलं आहे. १९९६ च्या 'फार्गो' या चित्रपटात मिनेसोटाच्या बर्फाळ भागातली पोलीसप्रमुख मार्ज सात महिन्यांची गरोदर आहे. या भूमिकेसाठी फ्रान्सेस मॅकडॉर्मंडला ऑस्कर मिळालं. पहाटे खुनाची खबर येते. नवरा तिला 'जाऊ नको' म्हणत नाही. उठतो आणि अंडी करून देतो. घटनास्थळी तिला मळमळतं, ती तसं सरळ सांगते, क्षणभर थांबते आणि पुन्हा कामाला लागते. थोड्या वेळाने भूक लागते, खाते. यात लपवाछपवी नाही आणि शौर्याचा आवही नाही. गरोदर बाईला घरातून कोणता आधार हवा असतो, ते मला या अंड्यांच्या प्रसंगाइतकं सोपं करून सांगता येणार नाही.

"बाळंतपणात बुद्धी मंद होते" हे खरं का?

गरोदर डिटेक्टिव्ह ही कल्पनाच काहींना विचित्र वाटते, कारण 'या दिवसांत विसराळूपणा वाढतो' असं सगळे ऐकून असतात. अनेक स्त्रियांना तसं जाणवतं हे खरं. अपुरी झोप आणि थकवा ही त्याची साधी कारणं आहेत. पण बुद्धी कमी होत नाही.

'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात २०१६ च्या अखेरीस एक अभ्यास आला. त्यात पहिलटकरणींच्या मेंदूचे स्कॅन गरोदरपणाआधी आणि बाळंतपणानंतर केले होते. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणाऱ्या भागांमध्ये त्यांना बदल दिसले आणि ते निदान दोन वर्षं टिकले. स्मरणशक्तीत मात्र घट आढळली नाही. न बोलणाऱ्या बाळाचं मन ओळखण्यासाठी मेंदू स्वतःची मांडणी बदलत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. चांगल्या डिटेक्टिव्हलाही दुसरं काय हवं असतं?

थरारकथेतून काय शिकू नये

कथेत गरोदर बाई आली की लेखक तिच्या पोटाचा टाइमबॉम्ब करतात. कळा नेमक्या पाठलागाच्या वेळी सुरू होतात आणि पाच मिनिटांत बाळ बाहेर! प्रत्यक्षात पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बारा-अठरा तास सहज लागतात. दिवस भरल्यावर कळांच्या आधीच पाणमोट फुटणं शंभरातल्या साधारण आठ-दहा जणींमध्ये घडतं. तेव्हाही दर वेळी पाण्याचा लोट येत नाही, कधी नुसतं पाझरत राहतं आणि लघवी झाली असं वाटतं. अशा वेळी घाबरू नका, पण घरी थांबूही नका. जसजसा वेळ जातो तसतसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट झटापटीची. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, हृदयाला जास्त काम पडतं, सांधे सैल होतात आणि पोटामुळे तोल बदलतो. चालणं, हलका व्यायाम, रोजचं काम उत्तम. जागतिक आरोग्य संघटनाही काही अडचण नसलेल्या गरोदर स्त्रियांना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण पडलात, दुचाकीवरून घसरलात किंवा पोटावर मार बसला, तर 'काही दुखत नाही' म्हणून घरी बसू नका. वार गर्भाशयापासून सुटू लागली तर ते काही तासांनीही समजू शकतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं आणि ते ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.

स्वतःच्या तब्येतीची डिटेक्टिव्ह व्हा

डिटेक्टिव्हचं काम म्हणजे नेहमीच्या चित्रात आज काय वेगळं आहे ते ओळखणं. गरोदरपणात मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. पुढचे पुरावे दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जा:

१. अंगावरून रक्त जाणं, कोणत्याही महिन्यात.
२. पाणी गेल्याची शंका.
३. बाळाची नेहमीची हालचाल कमी होणं. साधारण २८ आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची आपली एक लय असते. ती तुमच्याइतकी कुणालाच माहीत नसते.
४. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
५. ताप, किंवा लघवीला जळजळ.
६. बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं.
७. दिवस भरण्याआधीच ठरावीक अंतराने पोट आवळून येणं.

यातलं एखादं लक्षण घेऊन आलात आणि सगळं ठीक निघालं, तर तुम्ही डॉक्टरांचा वेळ वाया घालवला असं मुळीच समजू नका. तपासात निर्दोष ठरलेला संशयित हीदेखील चांगलीच बातमी असते.

बाळ झाल्यावरचा अध्याय

'व्हॅनिश'मधला मला सगळ्यात खरा वाटलेला भाग बंदुका आणि ओलिसांचा नाही. जेनला मुलगी होते आणि ही निडर बाई त्या चिमुकल्या जिवापुढे हतबल होते. बाळ रडतं, झोप नाही, आणि 'मला हे जमत नाहीये' ही बोच. गुन्हेगारांना न घाबरणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळाची भीती वाटू शकते, हे लिहायला आई झालेली लेखिकाच लागते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं निम्म्याहून जास्त स्त्रियांना अनुभवाला येतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. ते त्यापुढेही टिकलं, कशातच मन लागेना, बाळ झोपलं तरी झोप येईना, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार आले, तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, सामोरं जावं लागतं. विकसनशील देशांत हे प्रमाण जवळपास २० टक्के आहे. म्हणजे पाचातली एक. यावर औषध आहे, समुपदेशन आहे, आणि स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशा गोळ्याही आहेत. 'एवढं गोंडस बाळ असताना रडतेस काय' हे वाक्य मात्र कुठल्याही उपचारात बसत नाही. जिवाला काही करून घेण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, त्या बाईला एकटं ठेवू नका.

शेवटी थोडं घरच्यांसाठी आणि साहेबांसाठी

आपल्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनंतर, त्या कायद्याखाली येणाऱ्या नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. पण कायदा बसायला खुर्ची देत नाही, वेळेवर डबा खाऊ देत नाही, की सोनोग्राफीसाठी दोन तास सोडताना तोंड वाकडं न करणारा साहेब देत नाही. ते आपल्याला द्यावं लागतं. रात्रपाळी, तासन्‌तास उभं राहणं, जड उचलणं यांत तिला सवलत हवी असेल, तर ती मागण्यासाठी तिला आजारी असल्याचं नाटक करावं लागू नये.

आणि ताईंनो, तुम्ही काम करायचं की थांबायचं, हे तुमची तब्येत, तुमचं काम आणि तुमची इच्छा पाहून तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवा. शेजारच्या काकूंनी किंवा कादंबरीतल्या डिटेक्टिव्हने काय केलं, हा त्यातला पुरावा नव्हे. आज घरी एवढंच करा: वरची सात लक्षणं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि त्याखाली रात्री-अपरात्री ज्या रुग्णालयात जायचं त्याचा फोन नंबर लिहा.

काळजी घ्या, बोलत राहा.