संशोधन रुग्णशय्येपर्यंत यावे

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो, हे त्यांनी दाबमापक लावून मोजून दाखविले. श्रद्धेच्या विषयालाही मोजमापाची कसोटी लावण्याची ही वृत्ती मावळाला शंभर वर्षांपासून परिचित आहे.

परिचर्याशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही प्रबंध लिहावा लागतो. परंतु ‘अमुक रोगाविषयी कोणास किती माहिती आहे’ एवढी प्रश्नावली भरून घेऊन पुष्कळसे प्रबंध कपाटात विसावतात. खिळलेल्या रुग्णाची कूस किती तासांनी बदलावी, घरी गेलेला क्षयरोगी गोळ्या मध्येच का सोडतो, हे परिचारिकेला रोज पडणारे प्रश्न मात्र तसेच राहतात.

ज्ञान एकाने वापरल्याने दुसऱ्यास कमी पडत नाही. म्हणूनच नफ्यावर चालणारा बाजार ते पुरेसे निर्माण करीत नाही. औषधाचे पेटंट घेता येते, कूस बदलण्याच्या वेळापत्रकाचे नाही. हा खर्च शासनाने व विद्यापीठानेच उचलावयास हवा.

परिचारिकाच अपुऱ्या असताना संशोधनाला सवड कोठून, असे कोणी विचारील. मनुष्यबळ तोकडे असते तेव्हाच कोणते काम आधी करावे हे पारखून घ्यावे लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने काही प्रबंध तरी आंदर मावळ, पवन मावळातील आरोग्य केंद्रांच्या प्रश्नांवर लिहवून घ्यावेत व त्यांचे निष्कर्ष मराठीत तेथेच परत पोहोचवावेत. ज्या रुग्णाने माहिती दिली, त्याचे एवढे देणे तरी फिटले पाहिजे.