हजेरीपटातला शेरा

मृगाचा पाऊस रायगडाच्या कड्यांवरून कोसळू लागला की हिरकणीवाडीच्या आसमंतात दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू होतात: शेतांत भाताची रोपे तरारून वर येतात आणि शाळांचे दरवाजे उघडतात. घाटावरच्या वाचकास यात विशेष काही वाटणार नाही. परंतु सातवी-आठवी संपवून जी मुलगी प्रथमच हायस्कुलाची पायरी चढणार असते, तिच्या आयुष्यातले हे अत्यंत नाजूक दिवस नेमके पऱ्ये फुगण्याच्या, रस्त्यांवर दरडी उतरण्याच्या आणि घरातल्या प्रत्येक हाताची शेतात गरज असण्याच्या काळात येतात. आणि म्हणूनच पुण्या-मुंबईत जो शाळेचा पहिला महिना नव्या वह्यांच्या वासात निघून जातो, तो आमच्याकडे मुलीचे शिक्षण पुढे चालणार की नाही याचा निकाल लावणारा महिना असतो.

१९९६ साली हिरकणीवाडीतून रायगडावर जाणारा रज्जुमार्ग सुरू झाला, आणि तेव्हापासून प्रवासी अवघ्या काही मिनिटांत गडाचा माथा गाठतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्याच वाडीपासून महाड मात्र सुमारे २५ किलोमीटर दूर आहे, आणि त्या वाटेवर मुलीचे भवितव्य एस.टी.च्या एखाददुसऱ्या गाडीवर अवलंबून असते. पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास मिळतो, ही शासनाची सवलत खरोखर मोलाची आहे. पण पास हाती असून गाडीच आली नाही, तर त्या पासाचा उपयोग दप्तरात जपून ठेवण्यापलीकडे होत नाही.

महाड-पोलादपूरच्या या डोंगराळ मुलुखात मुलींसाठी वसतिगृहासह स्वतंत्र हायस्कूल निघावे, आणि त्या कामी कॅथलिक भगिनीसंघांनीही पुढाकार घ्यावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण करून मुलींना शिकवा असे आवर्जून सांगितले होते. ज्या भूमीत ते सांगणे झाले, तेथे आजही आठवीनंतर मुलीचे नाव पटावरून गळावे, ही मला व्यक्तिशः लाज वाटावी अशी गोष्ट आहे. परंतु शाळा काढणे निराळे आणि शाळा मुलींची होणे निराळे, आणि हे दुसरे काम पहिल्या वर्षातच साधावे लागते, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो आहे.

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की पाचगणी लागते. तेथे १८९५ सालापासून सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ही मुलींची निवासी शाळा उभी आहे. ती काढणारा ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ हा भगिनीसंघ बेल्जममधील लिएज शहरी १८३३ साली जान हाझ या स्त्रीने स्थापन केला आणि १८६२ साली तो कराचीस आला. परमुलखातून येऊन, हवा मानवत नसता, भाषा येत नसता, या स्त्रियांनी मुलींच्या शिक्षणात आयुष्ये घातली, त्यांच्याविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. तरीही गिरिस्थानांवरील त्या काळच्या निवासी शाळा निघाल्या त्या मुख्यतः गोऱ्या अंमलदारांच्या आणि शहरांतल्या संपन्न घराण्यांच्या मुलांमुलींसाठी. घाटाच्या पायथ्याच्या कुणब्याची, धनगराची किंवा कातकऱ्याची मुलगी त्यांच्या हिशेबात नव्हती. आता जी शाळा या पायथ्याशी निघेल, तिने सुरुवातच या मुलीपासून केली पाहिजे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी नव्यानेच उघडलेल्या मुलींच्या कॅथलिक हायस्कुलात पहिल्याच तुकडीत दाखल झाली. शाळा भाड्याच्या कौलारू घरात भरे. एकच फळा दोन वर्गांत आलटून पालटून नेला जाई. पहिल्या दिवशी प्रार्थना इंग्रजीत झाली, तेव्हा हात जोडायचे की बांधायचे आणि डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हे कोणास ठाऊक नसल्याने सर्व मुलींनी घरी देवासमोर उभे राहावे तसे हात जोडले, आणि सिस्टरांनीही ते तसेच राहू दिले. ताईला त्या दिवसाचे आजही कौतुक आहे. मुलींच्या दृष्टीने सर्वांत मोठे नवल म्हणजे शाळेचा सारा कारभार स्त्रियांच्या हाती होता: घंटा देणारी स्त्री, जमाखर्च लिहिणारी स्त्री, गणित शिकवणारी स्त्री, आणि पावसाने कौले फुटली तर शिडी लावून वर चढणारीही स्त्रीच. आपल्या घरातल्या कोणत्याही बाईने कधी कागदावर सही केलेली न पाहिलेल्या मुलींना हे दृश्य कोणत्याही धड्यापेक्षा अधिक शिकवून गेले असले पाहिजे.

पण त्याच शाळेत दोन नियम असे होते की त्यांनी वर्ग पोखरला. आवारात मराठी बोलल्यास दंड होता, आणि घंटेनंतर येणाऱ्या मुलीने पहिला तास संपेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे असे. दंडाची रक्कम किरकोळच, परंतु ती घरी मागताना कारण सांगावे लागे, आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल पैसे भरावे लागतात हे ऐकून आमचे आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फाटकाच्या नियमाने तर अधिकच हानी झाली. उशीर करी ती एस.टी., आणि भिजत उभी राही ती मुलगी. दूरच्या वाड्यांतल्या मुली एकेक करून गळू लागल्या, आणि दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग भरला तेव्हा एका बाकावर ताई एकटीच बसली होती. शाळेने त्या मुलींना काढले नव्हते. दप्तरी त्यांनी स्वखुशीने शाळा सोडली अशीच नोंद झाली. हा ‘स्वखुशीने’ शब्द मला अद्याप बोचतो.

अशा शाळांविषयी समाजात जी धास्ती असते, ती मी लपवून ठेवणार नाही: मुलींना धर्म तर सोडावा लागणार नाही ना? या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा देवरुखच्या गोदूबाई ही बालविधवा तेथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी होती. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आणि ‘माझे पुराण’ लिहिणारी बाया कर्वे झाली. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, तथापि सदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत त्या वेळी दार मात्र उघडे असे, आणि ज्या मुलीला वाटेल ती आत जाऊन बसे. सदन पुण्यास हलल्यानंतर १८९३ साली त्या उघड्या दारावरून तेथे वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. या प्रकरणात कोणाची बाजू किती खरी, याचा खल शंभर वर्षे चालला आहे. मला त्यात सलते ते इतकेच की ज्या मुली घरी परत गेल्या, त्यांना पुढे शिकायचे आहे काय हे विचारण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

आज आपल्यापाशी राज्यघटना आहे. तिच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला, आणि २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कोणाही अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येणार नाही असे बजावले. नव्या शाळेने प्रवेशाच्या दिवशीच हा खंड स्वच्छ मराठीत पालकांस वाचून दाखवावा आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. कुजबुजीला जागा मिळते ती न बोललेल्या गोष्टींत.

शाळेच्या वेळेचाही प्रश्न असाच जुना आहे. २९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात हुजूरपागेचे हायस्कूल उघडले आणि मुली ११ ते ५ घराबाहेर राहणार म्हणून त्यावर ‘मराठा’ पत्रात टीका झाली. मुलींना तीन तास पुरेत असा तिचा रोख होता. ती भूमिका चुकीची होती यात मला शंका नाही. मात्र त्या टीकेमागची वस्तुस्थिती, म्हणजे घरातले काम मुलीच्या वाट्याला येते आणि शाळा त्याच्या आड येते, ही आजही आमच्या वाड्यांत जशीच्या तशी आहे, आणि तिच्यावर उपाय तास कमी करणे हा नसून शाळेजवळ निवासाची सोय करणे हा आहे. येथे आणखी एक अडचण आहे. तान्ह्या लेकरासाठी भररात्री गडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीची आख्यायिका ज्या वाडीच्या नावातच आहे, तेथल्या आईला मुलगी वसतिगृहात ठेव असे सांगणे सोपे नाही. तिला आधी ते वसतिगृह पाहू द्यावे, तेथे एक रात्र राहू द्यावे, मुलीच्या ताटात काय वाढतात ते तिच्या डोळ्यांनी बघू द्यावे. हा खर्च फार नाही, आणि तो शाळेच्या अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर असला पाहिजे.

ताईच्या शाळेचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. तिच्या वर्गशिक्षिका मंगळूरकडच्या तरुण सिस्टर होत्या. मराठी त्यांना जेमतेम येई. दुसऱ्या वर्षी जुलैत अर्धा वर्ग रिकामा दिसला, तेव्हा त्यांनी ताईला विचारले, “या मुली येत का नाहीत?” ताईने सांगितले, “सिस्टर, आवण चाललीय.” तो शब्द त्यांना कळेना, म्हणून त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ताईबरोबर वाडीत आल्या आणि बांधावर छत्री धरून दुपारभर उभ्या राहिल्या. आपल्याच विद्यार्थिनी गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावताना त्यांनी पाहिल्या. पुढच्या सोमवारपासून फाटक उघडे राहू लागले, पहिली घंटा एस.टी. आल्यावर होऊ लागली, आणि आवण आटोपल्यावर मागे पडलेल्या मुलींसाठी सायंकाळी जादा तास सुरू झाले. मराठीच्या दंडाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

दहावीनंतर दाखला आणायला ताई शाळेत गेली, तेव्हा कारकूनबाईंनी तारखा पडताळण्यासाठी जुना हजेरीपट उघडला होता. त्या जुलैच्या पानावर गैरहजर मुलींच्या नावांपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, नुकत्याच शिकलेल्या वाकड्यातिकड्या देवनागरी अक्षरांत सिस्टरांनी एकेकीपुढे लिहिले होते: आवण, आवण, आवण.