कोल्हापुरीबद्दल बोलायचं कोणी? भांडण टाळून शहराचं म्हणणं ऐकणारं सॉफ्टवेअर

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात थेट कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि पुढचे काही दिवस आपल्या सगळ्यांचा फीड त्यानंच भरला. त्यानंतर काय झालं, हे मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलं.

जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याबाबतची जनहित याचिका फेटाळली. कारण तांत्रिक होतं, पण महत्त्वाचं: याचिकाकर्ते जीआय मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. कोल्हापुरी चपलेचं जीआय २०१९ मध्ये मिळालं. ते दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर. डिसेंबरमध्ये प्राडानं याच दोघांशी करार केला. सुमारे २,००० जोड भारतात बनवायचे आणि साधारण ८०० युरोला एक जोड विकायचा, असं ठरलं.

म्हणजे चप्पल बनवणारे हात हजारो, पण सही करणारे दोन. यात कायद्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. जीआयची रचनाच अशी आहे. प्रश्न असा, की त्या दोघांना या हजारोंचं म्हणणं कळणार कसं?

सभा आणि ग्रुप का फसतात?

आपल्याकडे दोन मार्ग ठरलेले. एक, सभा. तिथे माइक ज्याच्या हातात, चर्चा त्याची. दुसरा, व्हॉट्सअॅप ग्रुप. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचा विषय निघाला की दहाव्या मेसेजला मुद्दा संपतो आणि माणसं सुरू होतात. दोष रिप्लायच्या सोयीचा आहे. ज्याला जास्त रिप्लाय, तो मेसेज जास्त दिसतो. आणि जास्त रिप्लाय भांडणालाच मिळतात.

मग सरळ मतदान घ्यावं? त्यात प्रश्न आधीच कोणीतरी ठरवलेला असतो, आणि संख्येनं लहान गट कायमचा हरतो.

पोलिस म्हणजे काय?

खाकी वर्दीतले नव्हेत! 'पोलिस' हे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. कल्पना साधी आहे. कोणीही एक छोटं विधान लिहायचं. बाकीच्यांनी त्यावर 'सहमत', 'असहमत' किंवा 'पुढे' एवढंच दाबायचं. रिप्लायचं बटणच नाही. पटलं नाही तर स्वतःचं वेगळं विधान लिहा.

मागे एक मोठं टेबल तयार होतं. प्रत्येक ओळ म्हणजे माणूस, प्रत्येक रकाना म्हणजे विधान, आणि आत १, -१ किंवा ०. इंजिनीअरिंगला शिकलेलं पीसीए वापरून या टेबलाचा दोन मितींचा नकाशा काढला जातो आणि सारखी मतं देणारी माणसं गटात येतात. जात, गाव, धंदा काहीही न विचारता.

खरी गंमत पुढे आहे. एखाद्या विधानाला एकूण किती मतं पडली, एवढ्यावर न थांबता ते *प्रत्येक गटात* किती पटलं, हेही मोजलं जातं. समजा ९०० व्यापारी आणि १०० कारागीर आहेत. व्यापाऱ्यांना पटलेलं विधान साध्या मतदानात ९० टक्क्यांनी जिंकेल. इथे मात्र कारागिरांच्या गटानं नाकारलं, तर ते 'सर्वमान्य' यादीत वर येत नाही.

तैवाननं २०१५ मध्ये उबरच्या वादात हेच वापरलं. टॅक्सीवाले आणि उबरवाले सुरुवातीला दोन टोकांना होते. पण विमा, नोंदणी आणि प्रवाशांची सुरक्षा यांवर दोघेही सहमत निघाले, आणि पुढच्या नियमांत यातले मुद्दे आले.

कोल्हापुरात हे कसं दिसेल?

नमुन्यादाखल काही विधानं मीच लिहितो:

- 'जोडामागे कारागिराला किती मिळाले हे जाहीर करावं.'
- 'मशीनवर शिवलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणू नये.'
- 'अथणी-निपाणीच्या कारागिरांनाही तेवढाच वाटा हवा.'
- 'माझ्या मुलानं हाच धंदा करावा असं मला वाटतं.'

चप्पल लाईनचा दुकानदार आणि सुभाषनगरमधला कारागीर दुसऱ्या विधानावर कदाचित भांडतील. पहिल्यावर? सांगता येत नाही, म्हणूनच विचारायचं. आणि चौथ्याचं उत्तर 'असहमत' आलं, तर बाकी सगळी चर्चा नव्यानं करावी लागेल.

अॅप टाकलं म्हणजे झालं का?

नाही. तीन अडचणी आहेत.

एक, घरी बसून वेणी घालणाऱ्या बायकांपर्यंत लिंक पोचणार नाही. घरातला फोन बहुधा दुसऱ्याच्या खिशात असतो. तिथे माणसानं जाऊन, विधानं मराठीत आणि सीमेपलीकडे कन्नडमध्ये वाचून दाखवून, मतं नोंदवावी लागतील. तीही खाजगीत, कारण माल घेणारा व्यापारी शेजारी उभा असताना कोण 'असहमत' दाबेल?

दोन, सुरुवातीची विधानं कोण लिहितं, यावर चर्चेचं वळण ठरतं. वर मी लिहिलेली चारही विधानं पुण्यात लॅपटॉपवर बसलेल्या माणसाची आहेत. ती बदलायला हवीत.

तीन, आणि सगळ्यात मोठी: ऐकणारा बांधील हवा. तैवानमध्येही हा निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. सरकारनं लक्ष दिलं तेव्हाच त्याचा उपयोग झाला. त्यामुळे अशी चर्चा कोणी भरवलीच, तर लिंक उघडण्याआधी एक गोष्ट लेखी मागा: सर्वमान्य ठरलेल्या प्रत्येक विधानाला महामंडळ ठरलेल्या मुदतीत उत्तर देईल, 'नाही' म्हणायचं असेल तर कारणासह.

सॉफ्टवेअर फुकट आहे. हे एक पान मिळवणं सगळ्यात अवघड, आणि त्याला कोड लागत नाही.