न झाडलेल्या पिस्तुलाचे मोल

सिंगर हे नाव आपल्याकडे शिवणयंत्रामुळे घरोघरी पोहोचले आणि रेमिंग्टन हे नाव टंकलेखन यंत्रामुळे कचेरीकचेरीत. या दोन्ही नावांचा पिस्तुलाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी ०.४५ इंची 'एम १९११ ए १' पिस्तुले बनविणाऱ्यांत सिंगर आणि रेमिंग्टन रँड या कंपन्या होत्या. सिंगरने १९४० सालच्या प्रायोगिक मागणीनुसार अवघी ५०० पिस्तुले तयार केली आणि मग ती अन्य युद्धसामग्रीकडे वळली. रेमिंग्टन रँडने युद्ध संपेपर्यंत साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुले केली. आराखडा एकच, गोळीही एकच. तरीही सिंगरचे पहिल्या क्रमांकाचे पिस्तूल २०१७ साली अमेरिकेतील लिलावात ४ लाख १४ हजार डॉलरना विकले गेले. जे लाखोंच्या संख्येने रणांगणावर गेले, त्याला त्या किमतीचा अल्पसा अंशही मिळत नाही.

अशा सुरुवातीच्या उत्पादनातील पिस्तुलांच्या बाजारात 'न झाडलेले' या विशेषणाला मोठे मोल आहे. वस्तुतः ते अक्षरशः खरे नसते. सैन्यासाठी केलेल्या प्रत्येक पिस्तुलातून कारखान्यातच अधिक दाबाचे काडतूस झाडून त्याची परीक्षा घेतली जाई व मगच त्यावर शिक्का उमटे. तेव्हा या शब्दाचा अर्थ एवढाच की, कारखान्याबाहेर पडल्यावर ते कोणी झाडले नाही. याची ग्वाही बहुधा विक्रेत्याच्या शब्दावरच अवलंबून असते. जुन्या पोलादावर नवा मुलामा चढविणे आणि खोटे ठसे उमटविणे हे उद्योग या व्यापारात अपरिचित नाहीत. ग्राहकाशी सत्य बोलणे हे विक्रेत्याचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य समाजाविषयीचे आहे. संग्राहक म्हणतात की, चार लाखांचे पिस्तूल घेऊन कोणी दरोडा घालीत नाही. हे म्हणणे रास्त आहे. दुर्मिळ वस्तूंचे जतन व्हावे, यातही वाद नाही. परंतु या ५०० पिस्तुलांसाठी शोभणारी सवलत त्या साडेआठ लाखांनाही मिळते, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार मूळ स्वरूपात असलेले पन्नास वर्षांचे कोणतेही पिस्तूल 'संग्राह्य' ठरते. तीन वर्षांसाठी तीस डॉलरचा संग्राहक परवाना घेतला की, असे पिस्तूल परराज्यातूनही थेट घरी मागविता येते. सामान्य नागरिकाला मात्र त्यासाठी आपल्या राज्यातील परवानाधारक व्यापाऱ्याकडे जावे लागते. परवाना देताना अर्जदाराची चौकशी होते आणि खरेदीची नोंदवहीही त्याला ठेवावी लागते, हे मान्य. पण दर खरेदीच्या वेळी नव्याने पडताळणी होत नाही.

शिवाय वयाची ही मर्यादा दरवर्षी एकेक पाऊल पुढे सरकते. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेले, १७ गोळ्या मावणारे ग्लॉक पिस्तूल आजही जगभर पोलिसांच्या कमरेला दिसते. त्याच्या आरंभीच्या प्रती २०३२ पासून याच नियमाने संग्राह्य ठरू लागतील. त्यांत इतिहास असेल. पण त्यांची धार बोथट झालेली नसेल.

उपाय त्याच नियमांत आहे. शस्त्रे प्रदर्शित करणाऱ्या शासकीय संग्रहालयाच्या अभिरक्षकाने एखादे हत्यार संग्रहालयाच्या दृष्टीने मोलाचे असल्याचा दाखला दिला, तर तेही संग्राह्य मानले जाते. केवळ वयाची कसोटी काढून ही ज्ञानाची कसोटी ठेवावी. त्यामुळे सिंगरच्या पिस्तुलाचे काही बिघडणार नाही. उलट जाणत्याच्या तपासणीने बनावट मालही उघडा पडेल. पिस्तूल दुर्मिळ झाले म्हणून निरुपद्रवी होत नाही. न झाडलेले पिस्तूल हे, अखेर, अजून झाडता येण्याजोगे पिस्तूल असते.