ब्रेक नसलेल्या सायकलींची धाव

जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये उभ्या भिंतीवर धावणारी मोटरसायकल आपण श्वास रोखून पाहतो. ती पडत नाही, कारण वेग तिला भिंतीवर दाबून धरतो. सायकल शर्यतींच्या मैदानाचेही, म्हणजे वेलोड्रोमचेही रहस्य हेच.

वेलोड्रोमची धाव लंबवर्तुळाकार असते. ऑलिंपिकसाठी तिची लांबी २५० मीटर. सरळ बाजूंना उतार थोडा. वळणांवर मात्र तो ४० अंशांहून अधिक, म्हणजे आपल्या घरच्या जिन्यापेक्षा उभा! वेग मंदावला की चाक खाली घसरलेच म्हणून समजा.

धावेवरच्या रंगीत रेषा शोभेच्या नाहीत. आतल्या कडेजवळची काळी रेषा म्हणजे मोजमापाची. शर्यतीचे अंतर तिच्यावरून धरतात. पलीकडे लाल रेषा. अंतिम झेपेत पुढचा स्वार या दोन रेषांमध्ये असेल, तर त्याला आतून ओलांडायला बंदी. त्याहून वर निळी रेषा. जोडीच्या शर्यतीत एक साथीदार वेगाने धावतो, तेव्हा दुसरा वरच्या बाजूला दम घेतो.

आणि सायकल? तिला ब्रेकच नाहीत! चाक फिरते तोवर पेडलही फिरणारच. एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. वेग कमी करायचा तर पेडलवर उलटा जोर द्यायचा, किंवा उतारावर वर चढायचे.

पुण्याच्या बालेवाडीत, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडानगरीत, असा वेलोड्रोम आहे. पण तो उघड्यावर. आणि ओल्या उतारावर सायकल घालणे म्हणजे हातपाय मोडून घेणे. छपराखालची लाकडी धाव दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील भारतीय चमूत महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. गंमत म्हणजे यजमान बर्मिंगहॅमकडेही योग्य वेलोड्रोम नव्हता. या शर्यती लंडनला झाल्या!

म्हणजे गुणी मुलीला लाकडी धावेवर सराव हवा, तर घर सोडून दूर जाणे आले. आईवडिलांची खरी परीक्षा तिथेच. तुमच्या घरात असे वेड असेल, तर आधी जाणत्या प्रशिक्षकाला गाठा, डोक्यावर हेल्मेट चढवा आणि सुरुवात सपाट कडेवरून करू द्या. उतार चढायचा तो वेगावर ताबा आल्यावरच.