शरदाची पानगळ आणि सूरजागडचें पाणी

आश्विन लागला कीं मराठी मासिकांतून शरदाच्या स्वागताचे लेख येऊं लागतात. लेखक बहुधा आमच्याच वर्गांतला, म्हणजे इंग्रजी विद्येवर पोसलेला पदवीधर असतो. घरामागें चार वाफ्यांची बाग, हातांत चहाचा पेला, आणि तेवढ्यांत त्याला पिंवळीं पानें भुईवर उतरतांना दिसूं लागतात! हीं पानें त्याच्या बागेंतलीं नव्हेत. तीं इंग्लंडांत गळतात, आणि कोशांत 'ऑटम' या शब्दापुढें 'शरद' असें लिहिलेलें असल्यामुळें आमच्याकडेही गळूं लागलीं आहेत. गंमत अशी कीं, ज्या कवीच्या नांवावर हा सारा व्यापार चालतो, त्या कीट्सनें १८१९ च्या सप्टेंबरांत विंचेस्टर येथें रचिलेल्या आपल्या शरदकाव्यांत पानगळीचा फारसा विचारच केलेला नाहीं. तेथें आहेत तीं पिकलेलीं फळें, अर्धवट कापलेलें शेत आणि सफरचंदांचा रस गाळणारा चरक. तें काव्य आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकवीत आलों आहों. तेव्हां इंग्रजी वाङ्मयाचा आम्हांस तिटकारा आहे, असा आरोप कोणी करूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या लेखकांनीं कीट्सही नीट वाचलेला नाहीं आणि अंगणही नीट पाहिलेलें नाहीं.

आमचा शरद झडण्याचा ऋतु नसून निवळण्याचा ऋतु आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग काढून पाहावा: कासाचीं पांढरीं फुलें, पिकूं लागलेली साळ, निर्मळ आकाश, हंस. वैदिक ऋषींनीं आयुष्याचीं वर्षें शरदांनीं मोजलीं. पावसाळ्याच्या रोगराईंतून तरून ज्यानें शरद पाहिला त्याच्या पदरीं एक वर्ष पडलें, असा त्यांतला भाव आम्हांस वाटतो. आणि हिवतापानें गांजलेल्या गडचिरोलीच्या रानांत तो भाव अजूनही कोणास समजावून सांगावा लागणार नाहीं.

या निवळण्याची खूण आमच्या पूर्वजांनीं आकाशांत ठेविली होती. अगस्त्याचा तारा उगवला कीं गढूळलेलें पाणी स्वच्छ होतें, असें ते मानीत. ज्यास शरदावर लिहावयाचें आहे त्यानें ही एक कसोटी घेऊन सूरजागडास जावें. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत हा डोंगर आहे. १९८२ पूर्वीं हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे. माडिया लोकांचा ठाकुरदेव तेथें आहे, त्याची यात्रा भरते. त्याच डोंगराच्या पोटांत लोखंडाचा दगडही आहे. २००७ मध्यें सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. खोदाई २०१६ च्या सुमारास सुरू झाली. त्याच वर्षीं डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं पाऊणशेंच्या घरांत वाहनें जाळलीं. २०२१ मध्यें काम मोठ्या जोरानें पुन्हां चालू झालें, आणि २०२३ मध्यें वर्षाला तीस लाख टनांची परवानगी एक कोटी टनांवर नेण्यांत आली. डोंगरावरून वाहून येणारा तांबडा गाळ धानाच्या बांध्यांत शिरतो, अशी परिसरांतील शेतकऱ्यांची तक्रार वर्तमानपत्रांतून आलेली आहे. पाऊस उघडून रस्ता वाळला कीं मालमोटारींच्या चाकांखालीं त्याच मातीची धूळ होते. ज्या आश्विनांत पाणी निवळावें, आकाश धुतल्यासारखें दिसावें, त्या आश्विनांत बांधींत तांबडा गाळ आणि रस्त्याकडेच्या झाडांवर तांबडी धूळ!

यावर दोन उत्तरें ठरलेलीं आहेत. पहिलें असें कीं, हा अर्थकारणाचा विषय. ललित लेखकानें त्यांत पडूं नये. आम्हांस नेमकें उलट वाटतें. ज्याच्या डोळ्यांत परक्या ऋतूचें चित्र भरलें आहे त्याला आपल्या ऋतूस झालेली इजा दिसतच नाहीं. पानगळ शोधीत निघालेल्या मनुष्यास गढूळ पाणी खटकेल कसें? शब्द चुकला कीं दृष्टि चुकते, आणि दृष्टि चुकली कीं तक्रारीचा कागद तेवढा सरकारी दप्तरांत पडून राहतो. वाङ्मयांत तिला साक्षीदार मिळत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे. पोलाद नको काय? रोजगार नको काय? पोलाद हवें. कोनसरीस कारखाना उभा राहिला, तरुणांस कामें मिळालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या व्यवहाराची किंमत मोजतांना एक रकम सदैव गाळली जाते. माडियांचा दंडक असा कीं, नवें धान्य, नवें फळ देवास दिल्यावांचून तोंडांत घालावयाचें नाहीं. त्या सणास ते पंडुम म्हणतात. भरपाईच्या कागदावर बांधीचें क्षेत्र लिहितां येतें. पंडुम कोणत्या रकान्यांत लिहावा? ऋतूचा आस्वाद म्हणून जो आम्ही सुशिक्षित मिरवितों, तो याहून निराळा काय असतो? फरक असलाच तर हा कीं, बागेंतल्या रसिकाला शरद आयता मिळतो, आणि माडिया तो देवाकडून मागून घेतो. दोघांपैकीं त्याची चव अधिक कोणास कळते, हें आमच्या निबंधकारांनीं चहा थंड होण्यापूर्वीं ठरवावें.

पानगळीवरच ज्यांना लिहावयाचें आहे त्यांनींही निराश होण्याचें कारण नाहीं. त्यांनीं माघ-फाल्गुनांत त्याच रानांत जावें. तेव्हां साग उघडा पडतो, पायांखालीं पानांचा चुरा वाजतो, आणि निष्पर्ण फांद्यांवर पळस पेटलेला असतो. मागोमाग मोहाचीं फुलें वेंचावयास बायकामुलें पहांटे टोपल्या घेऊन निघतात. शिशिर आणि वसंत तेथें एकाच झाडाखालीं भेटतात. असा ऋतु इंग्लंडांत नाहीं आणि कोशांतही त्याला एक शब्द नाहीं. एटापल्लीच्या वाटेवर तो अजून पाहावयास मिळतो. डोंगराच्या ज्या अंगास खोदाई झाली आहे, तेथें मात्र गळावयास पानें नाहींत.