निर्णय आणि निकाल

पत्त्यांच्या खेळाविषयी या सदरात काही वाचावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा नसणार. पैसे लावून खेळलेल्या पत्त्यांपायी उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्या खेळाची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एका हौशी खेळाडूने पोकरच्या एका मोठ्या स्पर्धेसाठी केलेल्या तयारीची हकिगत वाचताना मला वारंवार आठवण झाली ती घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींची.

मारिया कोनिकोवा या अमेरिकेतील लेखिका, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. २०१५च्या सुमारास त्यांच्यावर एकामागून एक संकटे कोसळली. स्वतःला कारण न उमगणारा, प्रतिकारशक्तीशी निगडित विकार जडला. आईची आणि पतीची नोकरी गेली. आजी स्वतंत्रपणे राहत होती. ती एका रात्री पाय घसरून पडली आणि त्यातच गेली. आयुष्यात आपल्या हाती किती आणि योगायोगाच्या हाती किती, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी त्यांनी पोकर निवडले. तेव्हा त्यांना कॅटमध्ये पत्ते किती असतात हेदेखील नीट ठाऊक नव्हते. एरिक सायडेल या नामवंत खेळाडूला त्यांनी गुरू केले आणि लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेची तयारी आरंभली. २०१७च्या त्या स्पर्धेत ७,२२१ प्रवेशिका होत्या आणि प्रवेशशुल्क १०,००० डॉलर. (हा आकडा वाचून कोणी मोहात पडू नये!)

तयारीत काही उणे नव्हते. लहान स्पर्धांचा सराव, टिपणे, मनावर ताबा राहावा म्हणून वेगळे मार्गदर्शन. अर्धशिशीचा त्रास असल्याने औषधे जवळ ठेवली, व्यायाम केला, पुरेशी झोप घेतली. आणि तरीही ऐन स्पर्धेत, बहुधा त्या अर्धशिशीनेच, त्यांना गाठले. खेळाच्या मेजावरील खुर्ची रिकामी आणि त्या स्वच्छतागृहात ओकाऱ्या देत आहेत, अशी वेळ आली.

मला मोलाची वाटली ती गुरूची एक सवय. हातचा डाव दुर्दैवाने कसा गेला हे शिष्या सांगू लागली की सायडेल ऐकूनच घेत नसत. डाव कसा खेळलीस, त्याविषयी काही शंका असेल तर विचार. शेवटी कोणते पान उघडले याची कहाणी नको, असा त्यांचा दंडक. ही कठोरता नव्हे. पोकरमध्ये दोन एक्के हाती असताना समोरच्याकडे दोन राजे असले, तर एक्केवाला पाचांपैकी साधारण चार वेळा जिंकतो. पाचव्या वेळी तो हरतो, पण म्हणून त्याचे खेळणे चुकले असे होत नाही.

आता आपल्या घराकडे या. हृदयाची लय अनियमित असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली जाते. अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका वॉरफरिनसारख्या औषधाने सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. मात्र रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्व विचार करून कुटुंब होकार देते आणि सहा महिन्यांनी पोटात रक्तस्राव होतो. लगेच परदेशातील मुलाचा फोन: “ती गोळी द्यायची कशाला?” घरी रात्रंदिवस राबणारी सून खाली मान घालून ऐकते. तिची झोप उडते, जेवण सुटते. माझ्यासमोर बसून रुग्णाच्या प्रकृतीपेक्षा स्वतःच्या अपराधाविषयी विचारणाऱ्या अशा सुना, मुली, वृद्ध पत्नी मी पुष्कळ पाहतो. त्यांना मी एकच विचारतो: त्या दिवशी तुम्हांला काय ठाऊक होते? त्या माहितीवर निर्णय योग्य असेल, तर तो आजही योग्यच आहे. पुढचे पान त्या दिवशी कोणालाच दिसत नव्हते.

याची दुसरी बाजू मला अधिक धोक्याची वाटते. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली, चार महिने काही झाले नाही. मग “बघा, गरजच नव्हती” असे अभिमानाने सांगितले जाते. हा डाव चुकीचा खेळून जिंकलेला आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. तो मूकपणे हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर घाव घालत राहतो. चांगल्या निकालाने झाकलेला वाईट निर्णय कोणी तपासत नाही, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा घेतला जातो.

अर्थात “नशिबात होते” ही ढाल निष्काळजीपणासाठीही वापरता येते. दोन्ही टाळण्याचा साधा उपाय म्हणजे एक वही. मोठा निर्णय घेताना तारीख, तेव्हाची तक्रार, डॉक्टरांनी सांगितलेले पर्याय, प्रत्येकाचे लाभ-धोके आणि आपण काय व का निवडले, हे चार ओळींत लिहावे. शक्य तर रुग्णाची स्वतःची इच्छाही. दूरच्या भावंडांना त्याच दिवशी कळवावे. नंतर स्मरणशक्ती निकालाच्या बाजूने साक्ष देते. वही देत नाही.

त्या आजीचे पडणे मात्र मनातून जात नाही. अशा पडण्यातही काही भाग आपल्या हातचा असतोच. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा. वाटेतील सतरंजी उचलावी आणि शौचालयात पकडायला दांडी बसवून घ्यावी. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, कारण उतारवयात एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या वेळा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्याव्यात. रक्त पातळ करणारे औषध घेणारी व्यक्ती पडली आणि डोक्याला मार लागला, तर ती हसतबोलत असली तरी तिला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. डोक्यातील रक्तस्राव कधी काही तासांनी, तर कधी काही आठवड्यांनीही प्रकट होतो. सोबत औषधांची यादी न्यावी, आणि ती वहीही.